बारशीचं आवतण

घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं, आणि इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. म्हशींना घड्याळ लागत नाही, भाकरीला लागत नाही, देवाला तर नाहीच नाही. पण उन्हाळ्यापासून त्या घड्याळाला मान आला. रविराजने स्टुलावर चढून ते मोबाईलशी जुळवून लावलं, वरची जळमटं पुसली, आणि तेव्हापासून अकरा वाजून गेले की घरातला जो तो एकदा तरी मान वर करायचा. झाले का बारा? बाराला अश्विनीचा उपास सुटायचा.

रतनबाई चुलीपुढं बसून हे बघायची आणि गप्प राहायची. तिचा आवाज मुळातच हळू. देवघरात पोथी वाचायची तरी शेजारच्या खोलीत ओठांची नुसती पुटपुट ऐकू यायची. अंघोळीआधी पाणी नाही, तुळशीला तांब्या ओतल्याशिवाय चहा नाही. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि नवरात्रात मोहट्याच्या देवीचे नऊच्या नऊ दिवस. थोरली सून म्हणून या उंबऱ्याच्या आत आली तेव्हापासून यातलं काही चुकलं नव्हतं. बाळंतपणात नाही, सासूच्या दुखण्यात नाही. पण रतन, तुझा उपास कधी सुटायचा, असं घड्याळाकडं बघून एकदाही कुणी विचारलं नव्हतं. तिच्या एकादशीला घरच्यांना कांदाभजी खायची लहर आली, तर घाणा तिनेच काढायचा. मीठ बरोबर आहे का तेवढं चाखता यायचं नाही, म्हणून नवरा वरून बोलायचा, "आज तुझी एकादशी का? तरीच अळणी झाल्यात."

आणि आता धाकट्या जावेच्या, अश्विनीच्या, उपासात बाराच्या आत कुणी कांदा परतायचा नाही. वासाने तिला त्रास होतो म्हणे.

आजार आला तेव्हा असं नव्हतं. अश्विनीच्या छातीत गाठ निघाली, नगरला ऑपरेशन झालं, मग केमोचे दिवस, मग मशीनखालची किरणं. जामखेडहून पहाटेची एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. त्या वर्षात अश्विनीच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, तोंडाला चव राहिली नाही. डब्यातलं, हॉटेलातलं, आईने पाठवलेलं, काही पोटात ठरायचं नाही. ठरायची ती एकट्या रतनबाईच्या हातची नाचणीची पेज. "ताई, तुमच्या हातचंच तेवढं घशाखाली उतरतं," असं ती म्हणायची, आणि रतनबाई वाटी तिच्या ओठांना लावून एकेक घोट मोजल्यासारखा पाजायची. देवापुढं तिने कितीदा पदर पसरला ते देवालाच ठाऊक. त्या दिवसांत तिला जावेबद्दल मायेशिवाय दुसरं काही वाटलं नव्हतं, हे अगदी खरं.

मग अश्विनी बरी झाली. केस आले, आधीपेक्षा कुरळे आले. पण अंग सुटलं. रोजच्या गोळ्या, पडून राहणं आणि बरं होण्यासाठी सगळ्यांनी आग्रहाने खाऊ घातलेलं, या सगळ्याचं वजन झालं. ब्लाउज उसवावे लागले. अंगणवाडीत ती ताई म्हणून काम करायची. तिथं मुलांबरोबर खाली बसली की उठताना भिंतीला हात लावावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, वजन आटोक्यात ठेवायला हवं, या आजारानंतर ते महत्त्वाचं असतं. त्यांनी तिला दवाखान्यातल्याच आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. एंजेला मॅडम. गळ्यात बारीक साखळीत क्रूस, बोलणं शांत. अश्विनी आत एकटीच गेली होती. रतनबाई बाहेर बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसली.

बाहेर आल्यावर अश्विनी म्हणाली, "ताई, मला पण आता उपास लागला. बाराचा सांगितलाय."

"बाराला सोडायचा?" रतनबाईने विचारलं.

अश्विनी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हं."

एवढंच बोलणं झालं. पण तिथून पुढं सगळं घर फिरलं.

रात्री आठच्या आत अश्विनीचं जेवण. मग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत गरम पाणी, नुसतं. अश्विनीचा नवरा रविराज तालुक्याला खताच्या दुकानात कामाला होता, त्याने मोबाईलवर सगळं बघितलं आणि जेवायच्या वेळेला विंडो म्हणतात असं घरात सांगितलं. शेजारच्या गोजरबाईने त्या शब्दाची तिथल्या तिथं खिडकी करून टाकली. दूध घालून परत जाताना ती कुंपणावरून ओरडायची, "अश्विने, खिडकी उघडली का न्हाई अजून? का गज बशिवलं आतून?" आणि गल्ली हसायची. बघता बघता तो शब्द गावाचा झाला.

वजन उतरू लागलं. श्रावणात अश्विनीचे जुने ब्लाउज पुन्हा अंगाला आले. बचत गटाच्या बाया ओट्यावर येऊन बसू लागल्या. कसं करतेस, भूक कशी मारतेस, चहा चालतो का. अश्विनी सगळ्यांना नीट सांगायची, तोंडावर लाली यायची तिच्या. रतनबाई त्यांच्यासाठी चहा करायची. सोमवार असेल तर स्वतः घ्यायची नाही, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

एकदा गोजरबाई बशी तोंडाला लावता लावता थांबली आणि म्हणाली, "रतने, तू तर जलमाची उपाशी. तुझं काय उतारलं गं एवढ्या वरसांत?"

बाया फिसकन हसल्या. रतनबाईचा नवरा गोरक्षनाथ दारात चपला घालत होता, त्याने आणखी भर टाकली. "तिचं कसं उतारनार मावशी? तिच्या उपासाला पाटीभर साबुदाना लागतो. आमच्या घरी एकादशी आन् दुप्पट खाशी."

पुन्हा हसू. अश्विनीही हसली, पण लगेच म्हणाली, "असं नाही हं दादा, ताईंचं देवाचं असतं. माझं आपलं शरीराचं."

ते तिने जावेची बाजू घ्यायला म्हटलं होतं. पण रतनबाईच्या काळजात तेच रुतलं. देवाचं असतं म्हणजे दिसत नाही. शरीराचं असतं म्हणजे आरशात दिसतं, ब्लाउजात दिसतं, बायांच्या डोळ्यांत दिसतं. रतनबाईने आयुष्यभर केलेलं जे कुणाच्या डोळ्यात आलं नाही, ते हिने एका उन्हाळ्यात करून सगळं गाव ओट्यावर आणून बसवलं. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना तिने हात जोडले, पण मनात नाव देवाचं नव्हतं. काडी विझली, बोटाला चटका बसला, तेव्हा कुठं ती भानावर आली.

मत्सर मोठ्या पावलांनी येत नाही. स्वयंपाकघरातून येतो. रतनबाईने सकाळच्या नाश्त्याला जे करायचं त्यात हात सैल सोडला. आधी चहा-चपातीवर भागायचं. आता सकाळी सकाळीच गरम थालीपीठ व्हायचं, वर लोण्याचा गोळा. कधी कोथिंबिरीच्या वड्या. कधी येसराची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची. तिला उकळी आली की तिचा वास रस्त्यावरच्या माणसाला घरात ओढून आणतो. कांदा परतायला बंदी होती, येसराला नव्हती. अश्विनी अंगणवाडीला निघायच्या आधी ओसरीत गरम पाण्याचा पेला घेऊन बसलेली असायची. रतनबाई मुद्दाम दार उघडं ठेवायची. एकदा तरी हिने म्हणावं, ताई, एवढंसं द्या. एकदा तरी तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसावं.

अश्विनी मान वळवून शांत बसायची. आणि तिची ती शांती रतनबाईला सगळ्यात जास्त जाळायची. स्वतःच्या एकादशीला भज्यांच्या वासाने आपला जीव कसा कासावीस व्हायचा, ते तिला चांगलं आठवत होतं.

असं रोज बघता बघता तिला एक गोष्ट दिसायला लागली. जळणारं माणूस बघत फार असतं.

उपास करणाऱ्या बाईच्या तोंडावर संध्याकाळ जवळ आली की एक उजेड येतो. आता सुटणार. भाकरी किती गोड लागेल, याची वाट असते त्यात. रतनबाईने तो उजेड आपल्या आईच्या तोंडावर बघितला होता, आळीतल्या सगळ्या बायांच्या तोंडावर बघितला होता. अश्विनीच्या तोंडावर बारा वाजता तो यायचा नाही. उलट बारा वाजले की ती बावरायची. सुट्टीच्या दिवशी घरी असली तर ताट घेऊन मागच्या पडवीत जायची, "ताई, तिकडं वारं चांगलं येतं," म्हणायची. परत यायची तेव्हा ताट स्वच्छ धुतलेलं. हातातल्या बांगड्या आधी मनगटाला घट्ट बसायच्या, मग सैल झाल्या, आता पाण्याचा हंडा उचलताना कोपरापर्यंत घसरायच्या. बाया म्हणायच्या, काय सडसडीत झालीस गं. रतनबाईला सडसडीत दिसत नव्हती. केमोच्या दिवसांत तिची मान जशी गाऊनच्या गळ्यातून वर आलेली दिसायची, तशी दिसायला लागली होती.

मग एक दिवस धार काढायला ती गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाटीत, सरकीच्या पेंडीवर, भाकरीचे तुकडे दिसले. कोरडे नव्हते. येसराच्या आमटीत बुडवलेले होते. वर भाजीही होती.

पहिल्यांदा तिला आला तो राग. माझ्या हातचं म्हशीला. ज्या हातची पेज घशाखाली उतरायची, त्या हातची भाकरी आता जनावराच्या पुढं टाकायच्या लायकीची झाली. ती धार काढत राहिली, आणि दुधाची धार बादलीत वाजत राहिली. अर्धी बादली भरेपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी भीती बसली. ही जेवतच नाही. बारापर्यंत नाही आणि बारानंतरही नाही.

सांगायचं कुणाला? रात्री तिने रविराजला एकटं गाठलं. तो दारात मोटरसायकल लावत होता.

"भावजी, अश्विनी जेवत न्हाई नीट."

"जेवती की वैनी. वजन बघा किती मस्त खाली आलंय. पुढच्या शुक्रवारी मॅडम खूश होनार."

"लई उतारलंय. लवकर उतारलंय."

रविराज हसला. वाईट हसला नाही, दिरासारखा हसला. "वैनी, खरं सांगू का, तुमाला तिचा उपास बघवंना झालाय. घरात दोन-दोन उपासवाल्या म्हनल्यावर व्हायचंच."

ओसरीत बसलेला गोरक्षनाथ म्हणाला, "म्हनूनच रोज थालीपिठं चालल्यात सकाळी. मला कळत न्हाई व्हय?"

रतनबाईने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. ती पिठाच्या डब्यापाशी उगीच उभी राहिली. ते खोटं बोलले असते तर तिला उलट बोलता आलं असतं. खरं होतं म्हणून तोंड बंद झालं. आता ती जे काही बोलेल ते मत्सराचंच ठरणार होतं. आणि इकडं पोरगी डोळ्यांदेखत वाळत होती. देवाजवळ मागून परत मिळालेली पोरगी.

एकादशी आली. थंडी पडायला लागली होती. त्या दिवशी रतनबाईने साबुदाणा भिजवला नाही, शेंगदाणे भाजले नाहीत, भगर केली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. थोडी भीती होती, थोडं देवाला साकडं होतं, आणि थोडं, खरं म्हणजे बरंच, असं होतं की अश्विनीला एकदा दिसू दे उपास कशाला म्हणतात. गोरक्षनाथने दुपारी विचारलं, "आज खिचडी न्हाई?" ती नाही म्हणाली. त्याने आणखी काही विचारलं नाही. त्याला वाटलं साबुदाणा संपला असेल.

दिवेलागणीला तिने हळदीकुंकवाची कुयरी घेतली, अश्विनीच्या खोलीच्या दारात गेली आणि तिच्या कपाळाला बोट लावलं.

"उद्या सकाळी बारस सोडायला ये."

अश्विनीला आधी कळलंच नाही. "बारसं? कुणाचं बारसं, ताई?"

"बारसं न्हाई. बारस. एकादशीच्या दुसऱ्या दिवसाची द्वादशी. माझ्या माहेराला बारशीला पाव्हन्याला आधी जेवू घालत्यात, मग उपासाचं मानूस घास घेतं. तुला आवतन देतीया."

"एकाच घरात कसलं आवतण?" अश्विनी हसली.

"कुकू लावलं. झालीस पाव्हनी."

"चालेल की. बाराला येते."

"बारस साडेआठला सरती उद्या. कालनिर्नय बघितलं मी. त्याच्या आत तोंडात घास गेला पायजे, न्हाईतर एकादशी फुकट."

अश्विनीचं हसू ओसरलं. "पण ताई, माझी खिडकी..."

"तुझी खिडकी आन् माझी बारस. बघ बाई तूच," असं हळू आवाजात म्हणून रतनबाई वळली.

सकाळी तिने पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळीची एक रेघ ओढली. बाजरीची भाकरी, मुगाचं वरण, भात, हादग्याच्या फुलांची भाजी, लिंबाची फोड. पुरुष माणसं त्या वेळी मळ्यात असणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. घड्याळात आठ वाजत होते.

अश्विनी आली आणि पाटावर बसली. मोबाईल उलटा करून शेजारी ठेवला. ताटाकडं बघितलं नाही.

"ताई, तुम्ही घ्या ना आधी. कालपासून पाणीपण नाही घेतलंत. ओठ बघा कसे झालेत."

"आवतन दिलंय."

"मी बाराला घेईन की. शप्पथ."

"बाराला तू म्हशीला घालशील."

अश्विनीचा चेहरा उतरला.  बाहेर कोंबडी अंगणात पाय घासत होती. रतनबाई समोर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. पण आवाज नेहमीसारखाच होता, हळू.

शेवटी अश्विनी म्हणाली, आणि तिचाही आवाज हळूच निघाला, "तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही, ताई. हे पण सांगितलं मला सगळ्यांनी. मी म्हणत होते, आमच्या ताई तशा नाहीत."

"तशीच हाय मी," रतनबाई म्हणाली. "न्हाई बघवत. लई जळले मी. तुझ्या खिडकीला घड्याळ बघत्यात सगळी. माझ्या एकादशीला कुनी सूर्यसुदिक बघितला न्हाई. थालीपिठं तुझ्यासाठीच करत हुते, तुला मोडावं म्हनून. हे खरं हाय सगळं." ती थांबली, घसा ओला करायला काही नव्हतं. "पर जळत हुते म्हनून बघत हुते. पाटीतली भाकरी माझ्याशिवाय कुनाला दिसली का गं? तुझ्या नवऱ्याला दिसली? तुझ्या त्या बायांना दिसली?"

अश्विनी मान खाली घालून बोटाने पाटाची कड खरवडायला लागली. मग म्हणाली, "काटा खाली गेला ना ताई, की वाटतं ते लांब गेलं. वजन वाढलं की ते परत येऊ शकतं, असं वाचलं मी. डॉक्टर म्हणाले आटोक्यात ठेवा, मला ऐकू आलं उतरवा. एक किलो उतरला की वाटायचं एक पाऊल लांब. मग थांबताच येईना. घास हातात घेतला की वाटतं, बोलावतेय मी त्याला घरात."

इतके महिने रतनबाईला वाटत होतं की ही मिरवते आहे. ही तर पळत होती.

"आन् त्या मॅडमनी असंच सांगितलं हुतं? बाराला सोड म्हनून?"

अश्विनीने मान हलवली. "बारा तास सांगितले होते. रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत काही खायचं नाही, मग दिवसभर पोटभर, व्यवस्थित, डाळ-भाकरी-भाजी. आणि काही त्रास वाटला तर लगेच कळवा म्हणाल्या. बाहेर आले तर तुम्हीच विचारलंत, बाराला सोडायचा का. मला वाटलं, बारा तासांपेक्षा बारा वाजेपर्यंत राहिलं तर लवकर उतरेल. म्हणून हं म्हणाले. मग घरात सगळे घड्याळ बघायला लागले, कौतुक करायला लागले. मग आता आठलाच खाते, असं कसं सांगू?"

रतनबाई तिच्याकडं बघत राहिली. दवाखान्यातलं बाकडं, मांडीवरच्या पिशव्या, आपलाच तो प्रश्न. तो प्रश्नही सरळ नव्हता विचारलेला, हे तिला आता आठवलं. हिचा उपास आपल्यापेक्षा मोठा नाही ना, हे बघायला विचारला होता.

"म्हंजी मॅडमच्या हिशोबानं तुझी खिडकी आठालाच उघडती," ती म्हणाली. "आन् आठ वाजून गेलेत."

अश्विनीने भिंतीकडं बघितलं. सव्वाआठ होत आले होते. तिच्या तोंडावर हसू की रडू, काहीतरी आलं.

"आपल्या उपासाला सुटायचा येळ असतो," रतनबाई म्हणाली. "देवानंच ठेवलाय. चंद्र दिसला की संकष्टी सुटती, बारस उजाडली की एकादशी सुटती. ज्याला सुटनं न्हाई त्याला मी काय म्हनू? तू रात्रंदिवस कोंडून घेतलंस खिडकीच्या आत. घे. मुगाचं वरन मऊ हाय. पेजेसारखं लागंल."

"भीती वाटते, ताई."

"मला पन वाटती. शुक्रवारी मॅडमला हे सगळं सांग, मी येती संगं. बाहीर बाकड्यावर न्हाई, आत येती. आता घे. माझा जीव चाललाय तहानंनं."

अश्विनीने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे मिटून चावला. गिळताना तिच्या गळ्याची शीर हलली, आणि रतनबाईच्या गळ्याचीही हलली, रिकामीच. दुसरा घास. मग हादग्याच्या भाजीचा. "कडू आहे जरा," ती म्हणाली, तोंडात घास असतानाच. रतनबाईने मग तांब्या उचलला, पाणी घेतलं आणि शेजारी आपलं ताट ओढलं.  भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज होता.

अर्धी भाकरी संपल्यावर अश्विनीने पाणी घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "ताई, एक विचारू? तुळशीचं पान आणि घोटभर पाणी घेतलं तरी बारस सुटते ना? आमची आजी करायची तसं. तिथी संपायला आली की पटकन पान तोंडात टाकायची, आणि मग पाहुण्यांची वाट बघत निवांत बसायची."

रतनबाईचा घास हातातच राहिला. हे तिला ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. काल कुंकू लावताना तिने ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. पाटाच्या समोर, दारात, तुळशी वृंदावन होतं आणि बसल्या जागेवरून त्याची पानं दिसत होती.

"तुला ठाव हुतं?"

"हो की."

"मग बसलीस कशापायी? पान हातात दिलं असतंस माझ्या, सुटली असतीस."

अश्विनीने खांदे उडवले. "तुम्ही पाण्यावाचून बसला होतात. माझ्यासाठी उपाशी बसणारं अजून कोण आहे?" आणि दुसऱ्या अर्ध्या भाकरीला तिने हात घातला.

रतनबाई तिच्याकडं बघत राहिली. म्हणजे आपण आपल्या बारशीच्या जोरावर हिला खायला लावलं, असं वाटत होतं ते तसं नव्हतंच. पळवाट समोर असताना ही बसून राहिली होती, आणि खाल्लं ते जावेला तहान लागली म्हणून. उपास मोडतानाही ही आपल्या पुढं गेली. जुनी जळजळ पुन्हा छातीत उठली, ओळखीची, आणि या वेळी तिने तिला हाकललं नाही. सोमवार-शनिवारसारखी तीही राहील सोबत, असं तिला वाटलं. राहू दे. तिचं बघायचं काम तरी नीट चालतं.

"भात घे अजून," ती म्हणाली, "ताटातलं सगळं संपीव. मी गोठ्यात जाऊन बघनार हाय पाटी."

कुंपणावरून गोजरबाईची हाक आली, "अश्विने, अगं आत्ताच वास येतोय जेवनाचा. आज खिडकी येवढ्या लवकर?"

अश्विनीचं तोंड भरलेलं होतं. रतनबाईने तिच्या ताटात भात वाढला आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आपल्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं, "आज बारस हाय, मावशी." मग भातावर तुपाची धार धरली आणि अश्विनी बस म्हणेपर्यंत हात आवरला नाही.